निकालात कोकण पहिलं, पण बारावीनंतर कॉलेजला पोचायचं कसं?

दापोली : दहावी-बारावीचा निकाल लागला की एक बातमी दरवर्षी ठरलेली असते, कोकण विभाग राज्यात पहिला. २०२५ मध्ये दहावीला राज्याचा निकाल ९४.१० टक्के लागला, कोकणचा ९८.८२. बारावीला राज्य ९१.८८ टक्क्यांवर, तर कोकण ९६.७४ वर. त्याच्या आदल्या वर्षी दहावीत कोकणने ९९.०१ टक्के गाठले होते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांचं वेगळं मंडळ झालं तेव्हापासून हा पहिला नंबर कोकणने सोडलेला नाही. मंडळ लहान, मुलं कमी, हे खरं. तरी शंभरात अठ्ठ्याण्णव मुलं पास होतात, यात गावच्या मास्तरांची आणि पोरांची मेहनत आहे, ते कुणी नाकारू नये.

प्रश्न पेढे वाटून झाल्यावर सुरू होतो. पास झालेलं पोर पुढे कुठे जातं?

मोफत पास बारावीपर्यंतच

ग्रामीण भागातल्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा प्रवास मोफत आहे, पण तो बारावीपर्यंत. मुलगी तेरावीला गेली की पास विकत घ्यावा लागतो. विद्यार्थ्यांना मासिक पासात ६६.६६ टक्के सवलत मिळते, म्हणजे भाड्याचा एक तृतीयांश भाग भरायचा. सवलत मोठी आहे, पण शून्यावरून एकदम महिन्याचा खर्च सुरू होतो. त्यात जानेवारी २०२५ मध्ये एसटीचं भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढलं. घरात दोन मुलं कॉलेजची असली की मजुरीवर जाणाऱ्या आईबापाला हा हिशेब जड जातो.

दुसऱ्या बाजूला, २०२४-२५ पासून शासनाने वार्षिक आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या आर्थिक मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली. निर्णय चांगलाच आहे. पण फी माफ झाली म्हणून कॉलेज जवळ येत नाही. फी भरायला सरकार आहे, एसटीचं आणि खोलीचं भाडं भरायला मात्र बापच आहे. मुलीचं शिक्षण थांबवायचं की नाही, हे बऱ्याच घरांत फीवर नाही तर या दोन खर्चांवर ठरतं.

मुक्कामाची गाडी गेली की वर्ग गेला

कोकणात गाव म्हणजे एका जागी घरं नाहीत. डोंगर उतारावर विखुरलेल्या वाड्या, मधे पऱ्या, साकव. रात्री गावात मुक्कामाला येणारी आणि पहाटे निघणारी गाडी हीच मुलांची खरी कॉलेजची गाडी. ती बंद झाली की पहिले दोन तास बुडाले. संध्याकाळचंही तसंच. सायन्सच्या मुलांचं प्रॅक्टिकल चार-पाचपर्यंत चालतं आणि गाडी त्याआधी सुटली तर वडाप बघायचं किंवा प्रॅक्टिकल सोडायचं. मुलगा कुणाच्या तरी दुचाकीवर बसून येतो. मुलीच्या बाबतीत घरचे आधी गप्प बसतात आणि मग म्हणतात, राहू दे कॉलेज.

पावसाळ्यात दरड, पडलेलं झाड, पाण्याखालचा साकव हे आलंच. खाडीकाठच्या मुलांची तऱ्हा वेगळी. दाभोळहून गुहागरकडे जायला फेरीबोट आहे म्हणून बरं, नाहीतर चिपळूणवरून मोठा वळसा. नकाशावर समोर दिसणारं गाव रस्त्याने अर्ध्या दिवसाचं होतं.

शिकायला आहे काय?

जिल्ह्यात काही नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. दापोलीत १९७२ पासून कृषी विद्यापीठ आहे. रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र रत्नागिरीत आहे. सिंधुदुर्गात आणि मग रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. पण या जागा मोजक्या आणि स्पर्धा मोठी. गावाजवळच्या कॉलेजात बहुतेक ठिकाणी आर्ट्स किंवा कॉमर्स. सायन्स किंवा वेगळा कोर्स हवा तर तालुक्याला नाहीतर थेट मुंबई-पुण्याला. विद्यापीठाचं मुख्य काम मुंबईत, आणि सावंतवाडीच्या मुलाला मुंबई पाचशे किलोमीटरच्या आसपास पडते. स्वतंत्र कोकण विद्यापीठाची मागणी जुनी आहे, तिच्यामागचं एक कारण हेच.

एकदा गेलेलं पोर सहसा चाकरमानी होऊन गणपतीलाच येतं. २००१ ते २०११ या दहा वर्षांत राज्याची लोकसंख्या वाढली, पण रत्नागिरीची सुमारे १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गचीही घटली. मुलं कमी झाली की शाळेचा पट कमी, पट कमी की शिक्षक कमी, आणि मग उरलेली घरंही मुलांसाठी शहर गाठतात. हे चक्र सगळ्यांच्या डोळ्यांसमोर फिरतंय.

किल्ल्याचा मान, पोरांना काम?

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले. त्यात हर्णैचा सुवर्णदुर्ग, देवगड तालुक्यातला विजयदुर्ग आणि मालवणचा सिंधुदुर्ग आहेत. गावोगाव आनंद झाला. आता पर्यटक वाढतील, त्यांना किल्ला सांगणारे, जपणूक करणारे, होडी चालवणारे, खोल्या सांभाळणारे लागतील. हे शिक्षण हर्णै, मालवण, विजयदुर्गच्या पोरांना तिथल्या तिथे मिळालं नाही, तर किल्ला आपला आणि धंदा बाहेरच्याचा, असं होणार. लहान मुदतीचे कोर्स जवळच्या कॉलेजात किंवा आयटीआयत सुरू करायला मोठी इमारत लागत नाही.

याच दापोली तालुक्यातल्या मुरुडला धोंडो केशव कर्वे वाढले. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी परीक्षा द्यायला ते भर पावसात साताऱ्यापर्यंत चालत गेले आणि वयाने लहान दिसतो म्हणून त्यांना परीक्षेला बसू दिलं नाही. पुढे त्याच माणसाने १९१६ मध्ये महिलांसाठी विद्यापीठ उभारलं. त्यांच्या तालुक्यातल्या मुलीचं कॉलेज आज गाडीअभावी सुटत असेल, तर ते शोभत नाही.

गावाला काय करता येईल?

सगळं मुंबईवर ढकलून चालणार नाही. गाडीची वेळ बदलायची तर आगार व्यवस्थापकाकडे नुसती तोंडी तक्रार टिकत नाही. कोणत्या वाडीतून किती मुलं, कॉलेज किती वाजता भरतं आणि सुटतं, याची यादी कॉलेजच्या सहीशिक्क्याने घ्यावी. ग्रामसभेचा ठराव जोडावा आणि पोच घ्यावी. तीन-चार गावांनी एकत्र अर्ज दिला तर आगारालाही गाडी भरण्याची खात्री मिळते. हे काम जूनमध्ये नाही, मे महिन्यातच उरकायला हवं. मुलीचा मोफत पास पदवीपर्यंत न्यावा, ही मागणी मात्र आमदारांच्या दारात न्यावी लागेल. तिथे पक्ष बघू नये.

वसतिगृह आणि निर्वाह भत्त्याच्या योजनाही आहेत. त्यांची माहिती प्रवेशाच्या दिवशीच कॉलेजच्या ऑफिसात विचारावी. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला आणि आधारला जोडलेलं बँक खातं आधीच तयार ठेवावं. कागद अपुरा म्हणून भत्ता हुकला असं व्हायला नको.

पुढच्या निकालातही कोकण पहिलं येईल. त्या दिवशी टक्केवारीबरोबर आणखी एक आकडा प्रत्येक गावाने मोजावा, बारावी झालेल्या मुलींपैकी किती जणी पुढच्या जूनमध्ये कॉलेजच्या गाडीत बसल्या.