कुकर नवा, रिंग जुनी

मंडळी, आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या घरांत हल्ली रात्री उशिरा एक वाक्य ऐकू येतं. मुलगा बेंगळुरूच्या कंपनीचं काम घरून करत असतो, नाहीतर सून पुण्याच्या. ताट झाकून ठेवलेलं असतं आणि आतल्या खोलीतून आवाज येतो, "बिल्ड फेल झालंय, थांबा जरा." आमच्या घरी हे वाक्य माझं. माझ्या सासूबाई कन्नड. त्यांना मी अत्ते म्हणते. मराठीत आत्ते म्हणजे वडिलांची बहीण, कन्नडात अत्ते म्हणजे तीही आणि सासूही, तेव्हा माहेरचं एक नातं मला सासरी आयतंच मिळालं. त्या दारातून विचारतात, "एनातव्वा?" काय झालं गं? हे एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून आजचं सदर त्याच प्रश्नासाठी.

प्रोग्राम लिहिला म्हणजे तो लगेच चालू होत नाही. आधी त्याचे सगळे भाग गोळा करून, तपासून, एकत्र बांधावे लागतात. याला बिल्ड म्हणतात. मग ते बांधलेलं गाठोडं ज्या मोठ्या संगणकावर चालणार तिथे नेऊन बसवायचं, याला डिप्लॉयमेंट म्हणतात. ही दोन्ही कामं हातानं करत नाहीत, त्यासाठी वेगळी साधनं असतात. जावा भाषेत काम करणाऱ्यांकडे मेवन आणि ग्रेडल ही दोन साधनं नेहमीची. आता गंमत अशी, की भाषेची आवृत्ती बदलली की ही साधनं रुसतात. तुम्ही नवा कुकर आणलात आणि जुन्याची रिंग त्यावर लावलीत तर शिट्टी होईल का? कुकरही चांगला, रिंगही चांगली, पण बाजूनं वाफ जाते. आवृत्ती बदलल्यावरचे निम्मे तंटे याच जातीचे.

जावा १९९५ साली सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीनं बाजारात आणली. २०१० साली सन कंपनी ओरॅकलनं विकत घेतली. मार्च २०१४ मध्ये जावा ८ आली आणि ती इतकी पसंत पडली, की बँका, विमा कंपन्या, सरकारी खाती, पतसंस्था सगळ्यांनी तिच्यावर संसार मांडला. पुढे ११ आली २०१८ साली, १७ आली सप्टेंबर २०२१ मध्ये, २१ आली सप्टेंबर २०२३ मध्ये आणि २५ आली सप्टेंबर २०२५ मध्ये. तरी पुष्कळ लोक ८ वरच राहिले. चालतंय ते कशाला हलवा? पण जुन्या आवृत्तीला सुरक्षेची ठिगळं मिळणं हळूहळू कमी होतं. ओरॅकलनं व्यापारी वापरासाठी जावा ८ च्या मोफत सुधारणा जानेवारी २०१९ नंतर थांबवल्या. शिवाय नवी तयार साहित्यं जुनीवर चालत नाहीत. स्प्रिंग बूट या लोकप्रिय साहित्याची तिसरी आवृत्ती नोव्हेंबर २०२२ मध्ये आली, तिला किमान जावा १७ लागते. म्हणजे आज ना उद्या घर बदलावंच लागतं.

आता बदल केला आणि पडद्यावर लाल अक्षरं आली, तर काय करायचं? मी करते तो क्रम सांगते. घरात या धंद्यातलं कुणी असेल तर हा भाग कापून त्याच्या टेबलावर ठेवा.

पहिलं काम, कोण कुठली जावा वापरतंय ते विचारणं. एकाच संगणकावर चार जावा सुखानं नांदत असतात. तुम्ही जिथे प्रोग्राम लिहिता तो एडिटर एक वापरतो, काळ्या खिडकीतली आज्ञा दुसरी वापरते आणि मेवन 'जावा होम' या नावाच्या सेटिंगमध्ये जिचा पत्ता असेल ती तिसरी वापरतो. म्हणून नुसती जावाची आवृत्ती विचारून भागत नाही. मेवनला त्याची आवृत्ती विचारा, तो खाली स्वतः कुठल्या जावावर उभा आहे तेही सांगतो. पुष्कळदा तंटा इथेच मिटतो.

दुसरं, चुकीच्या संदेशातला आकडा वाचणं. जावाच्या प्रत्येक बांधलेल्या फायलीवर एक क्रमांक कोरलेला असतो. जावा ८ चा ५२, ११ चा ५५, १७ चा ६१, २१ चा ६५. घोकायची गरज नाही, आकड्यातून ४४ वजा केले की आवृत्ती मिळते. संदेश म्हणाला, की फाइल ६१ ची आहे आणि मला ५२ पर्यंतच कळतं, तर समजायचं, बांधलंय १७ वर आणि चालवताय ८ वर. आणि जर ग्रेडलच म्हणाला, की ६१ हा क्रमांक मला ठाऊक नाही, तर ग्रेडल जुना आहे. जावा १७ वर चालायला ग्रेडल ७.३ किंवा त्यापुढचा लागतो. दोन्ही संदेश दिसायला भावंडं, उपाय मात्र उलट. पहिल्यात चालवणारी जावा बदलायची, दुसऱ्यात साधन.

इथे क्रमाला महत्त्व आहे. ग्रेडल ७.३ जुन्या जावा ८ वरही चालतो. म्हणून आधी जुन्या जावावरच ग्रेडल नवा करायचा, सगळं ठीक बांधलं जातंय ना बघायचं आणि मग जावा बदलायची. दोन्ही एकदम बदललं आणि बिघडलं, तर कुणामुळे बिघडलं ते कळायला मार्ग राहत नाही.

तिसरं, हरवलेलं सामान. पूर्वी जावासोबत काही वस्तू घरातच मिळत. एक्सएमएल हाताळणारा जॅक्सबी नावाचा भाग त्यातला. जावा ११ पासून तो काढून टाकला. आता तो सामानाच्या यादीत वेगळा लिहून मागवावा लागतो. काही भागांचं तर नावच बदललं. जावाचा उद्योगांसाठीचा भाग ओरॅकलनं एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवला, पण 'जावाएक्स' हे जुनं नाव पुढच्या बदलांसाठी वापरायची परवानगी जमली नाही, म्हणून २०२० च्या डिसेंबरात आलेल्या आवृत्तीपासून ते 'जकार्ता' झालं. आपल्याला हे नवीन नाही. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदांवर आपल्या शहराच्या नावाचं स्पेलिंग बदललं. गल्ल्या त्याच, माणसं तीच, पण एका कागदावर जुनं आणि दुसऱ्यावर नवं असलं की खिडकीवरचा कारकून अर्ज परत करतो. संगणक त्याहून कडक. टॉमकॅट ९ जुनं नाव ओळखतो, टॉमकॅट १० नवंच ओळखतो. अर्धे भाग एका नावानं आणि अर्धे दुसऱ्या नावानं असले की गाडी अडलीच.

चौथं, बंद झालेली दारं. जुनी साहित्यं जावाच्या आतल्या खोल्यांत मागच्या दारानं शिरून काम करत. जावा १७ नं ती दारं पक्की लावली. एखादं दार उघडं ठेवण्याची सूचना देता येते, पण ती तात्पुरती सोय. खरा उपाय म्हणजे ते साहित्यच नवं घेणं. लॉम्बॉक वापरत असाल तर १७ साठी १.१८.२२ किंवा पुढची आवृत्ती लागते.

पाचवं, बिल्ड पास झालं म्हणून पेढे वाटू नका. सर्व्हर सुरू करण्याच्या ओळीत कुणीतरी दहा वर्षांपूर्वी लिहिलेल्या सूचना असतात. मॅक्स-पर्म-साइज ही त्यातली एक. जावा ८ तिच्याकडे दुर्लक्ष करून पुढे जायची, जावा १७ मात्र "ही सूचना ओळखत नाही" म्हणते आणि सुरूच होत नाही. आणि डॉकरचा डबा वापरत असाल, तर त्याच्या पहिल्या ओळीत जावा ८ लिहिलेली राहिली आहे का ते बघा. तुमच्या संगणकावर १७ असून काय उपयोग? चालणार आहे तो डबा.

इथवर जे बिघडतं ते निदान ओरडून सांगतं. सहावी गोष्ट ओरडत नाही, आणि तिचा संबंध तुमच्या आमच्या नावाशी आहे.

आमच्या भागातल्या एका पतसंस्थेचा कारभार दोन्ही भाषांत चालतो. सभासदानं अर्ज ज्या लिपीत भरला त्याच लिपीत पासबुकावर नाव. मार्चअखेरीच्या थोडं आधी त्यांच्या सॉफ्टवेअर कंपनीनं जावा ८ वरून १७ वर नेलं आणि नवा सर्व्हरही डॉकरमध्ये बसवला. कंपनीच्या लोकांनी इंग्रजी अक्षरांत दोन-तीन नावं घालून तपासलं होतं. बिल्ड हिरवं, सर्व्हर सुरू, आकडे बरोबर. सकाळी खिडकी उघडली. एक आजी पासबुक भरून घेऊन बाकावर बसल्या आणि पुन्हा खिडकीशी आल्या. "नन्न हेसरु एल्लैती?" माझं नाव कुठं आहे? नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग छापली होती. रक्कम बरोबर, तारीख बरोबर, पण माणूसच नाही. त्यांच्या मागच्या मराठी गृहस्थांच्या पासबुकावरही तेच. त्या बाबतीत यंत्रानं भाषाभेद केला नाही.

संस्थेच्या सचिवांनी मला बोलावलं. मी सांगितलं, आधी नवीन नोंदी थांबवा. कारण असं, की देवनागरी आणि कन्नड अक्षरांना यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येकी तीन बाइट लागतात. ज्या पद्धतीला फक्त इंग्रजी अक्षरं ठाऊक आहेत, तिच्या हातात आपलं अक्षर दिलं की ती त्या जागी प्रश्नचिन्ह लिहिते. छपाईत लिहिलं तर पुन्हा छापता येतं. पण तेच प्रश्नचिन्ह खात्यात साठवलं गेलं, तर मूळ अक्षर गेलं ते गेलंच. प्रश्नचिन्हावरून कुणाचं नाव काय होतं ते कुठलाही तज्ज्ञ सांगू शकत नाही.

कारण सापडायला फार वेळ लागला नाही. कुठली लिपीपद्धत वापरायची हे प्रोग्राममध्ये लिहिलेलं नव्हतं. तसं असलं, तर जावा १७ पर्यंतची प्रत्येक आवृत्ती ते खालच्या यंत्रणेला विचारते. जुन्या सर्व्हरवर यूटीएफ-८ ठरवलेलं होतं, म्हणून इतकी वर्षं निभावलं. नव्या डॉकरच्या डब्यात भाषेचं काहीच ठरवलेलं नव्हतं, तेव्हा जावानं नुसती इंग्रजी धरली. मार्च २०२२ मध्ये आलेल्या जावा १८ पासून मुळातच यूटीएफ-८ धरलं जातं. म्हणजे हीच मंडळी २१ वर गेली असती तर हा प्रकार टळला असता. सुरू करण्याच्या ओळीत यूटीएफ-८ स्पष्ट लिहिलं, डब्यातही भाषा ठरवली, मेवनच्या पॉम फायलीत मूळ मजकुराची पद्धत नोंदवली. जुनी खाती शाबूत होती, कारण बिघाड छपाईच्या वाटेवर होता. सकाळपासून दाखल झालेल्या चार नव्या सभासदांची नावं मात्र गेली होती. त्यांचे कागदी अर्ज कपाटात होते, ते काढून कारकुनानं नावं पुन्हा भरली. सगळंच संगणकावर घेऊन कागद फेकले असते, तर त्या चौघांना पुन्हा बोलावून नाव विचारायची वेळ आली असती.

दोन भाषांच्या घरात नाव ही साधी गोष्ट नसते. माझ्या मुलीचं नाव आजी कन्नडात लिहिते, मी देवनागरीत, शाळा इंग्रजीत. तीनही तिचीच. त्यातलं एक यंत्रानं गिळलं आणि "तेवढं इंग्रजीत लिहा की, काय फरक पडतो" असं कुणी म्हटलं, तर फरक पडतो. ज्या आजीला इंग्रजी वाचता येत नाही, तिला आपलं पासबुक आपलंच आहे हे ओळखायला तेवढी एक ओळ असते.

तेव्हा वाचकहो, तुमच्यापैकी कुणी पतसंस्थेच्या, दूध संघाच्या, शाळेच्या कमिटीवर असेल आणि "आमची सिस्टीम अपग्रेड होणार आहे" असं कानावर आलं, तर संगणकातलं काही कळत नसलं तरी तीन प्रश्न जरूर विचारा. बिघडलं तर आजच्या स्थितीवर परत यायला किती वेळ लागेल आणि ते कुणी करून पाहिलं आहे का? बदल महिनाअखेरीच्या गर्दीत का, मधल्या मोकळ्या आठवड्यात का नाही? आणि चाचणीला जी नावं घातली, ती कुठल्या लिपीत होती? तिसऱ्या प्रश्नाला समोरचा गप्प झाला, तर एक मराठी आणि एक कन्नड नाव कागदावर लिहून त्याच्या हाती द्या. जोडाक्षर असलेलं द्या. ते भरून, साठवून, पुन्हा उघडून, छापून दाखवा म्हणावं. दहा मिनिटांचं काम आहे, खिडकी उघडण्याच्या आदल्या दिवशी करायचं.