स्वस्त तबकड्या आणि अनामिक गळे

स्मृतिरंजनाचा एक दोष असा की, त्याला वस्तू आठवते. ती घडविणारे हात आठवत नाहीत. ब्रिटनमधील नकलेच्या स्वस्त तबकड्यांविषयी आज जे कौतुक दिसते, त्याचे नेमके असेच झाले आहे.

१९६८ साली पिकविक कंपनीने ‘हॉलमार्क’ या छापाखाली ‘टॉप ऑफ द पॉप्स’ ही मालिका काढली. नाव बीबीसीच्या कार्यक्रमाचे, संबंध मात्र कोणताच नाही. गाजत असलेली गाणी भाडोत्री गायक-वादकांकडून घाईघाईने हुबेहूब वठवून घ्यावयाची आणि अल्प किमतीत विकावयाची, हा तिचा व्यवहार. १९८५ पर्यंत मालिकेचे ९२ भाग निघाले. वेष्टनावर तोकड्या कपड्यांतील हसरी तरुणी झळके. गाणाऱ्यांची नावे नसत. आज संग्राहक भुलतात ते त्या भडक वेष्टनांना.

या तबकड्यांना सरसकट फसवणूक म्हणणे अन्यायाचे होईल. मूळ गायकांच्या दहा-बारा तबकड्या घेणे ज्या घराला परवडत नव्हते, तेथे ती गाणी एकाच तबकडीने पोहोचविली. १९७१ मध्ये स्वस्त तबकड्यांना खपाच्या अधिकृत यादीत प्रवेश मिळताच मालिकेचा अठरावा भाग पहिल्या क्रमांकावर गेला. पुढील वर्षाच्या आरंभीच या तबकड्या यादीबाहेर काढण्यात आल्या. गरिबांची पसंती मोजली गेली आणि ती प्रतिष्ठितांना मानवली नाही, असाच याचा अर्थ.

खरा प्रश्न मिळकतीच्या वाटणीचा आहे. १९५६ च्या ब्रिटिश कायद्यानुसार, विक्रीसाठी एकदा मुद्रित झालेले गाणे किरकोळ किमतीच्या सव्वासहा टक्के मानधन भरून दुसऱ्यासही मुद्रित करता येई. म्हणजे गीताच्या कर्त्याचा वाटा खपाबरोबर वाढे. गाणाऱ्याच्या हाती मात्र त्या दिवसाची ठोक बिदागी पडे, मग तबकडी कितीही खपो. एल्टन जॉन यांनीही उमेदवारीच्या काळात अशा नकला गायिल्या. ते पुढे कीर्तिमान झाले म्हणून त्यांचा आवाज शोधला जातो. इतरांचा कोण शोधणार? पुढे मूळ गायकांचीच गाणी एकत्र देणारे संग्रह आले, १९८३ मध्ये ‘नाऊ’ मालिका निघाली आणि नकलेचा धंदा बसला.

आपल्याकडेही १९५७ च्या कायद्यातील अशाच तरतुदीच्या आधारे टी-सीरिजने १९८० च्या दशकात जुन्या चित्रपटगीतांच्या नव्या आवाजांतील स्वस्त कॅसेटी घरोघर नेल्या. २०१२ च्या दुरुस्तीने अशा नकलेच्या वेष्टनावर मूळ गायकाचे नाव वा चित्र छापण्यास मनाई केली. त्याच दुरुस्तीने गायक-वादकाला स्वतःच्या नावाने ओळखले जाण्याचा आणि व्यापारी वापरातून मानधन मिळविण्याचा हक्कही दिला. अर्थात, कागदावरील हक्क पदरात पडण्यास संघटना लागते.

जुनी वेष्टने जपावीत, त्यांना हसावेही. मात्र जपताना त्यांवर न छापलेली नावे शोधून लिहून ठेवावीत. श्रमिकाचे नाव गाळून केलेले स्मृतिरंजन हेही त्याच्या शोषणाचेच पुढचे प्रकरण होय.