अनिश्चित रोजगार आणि माथाडींचा दाखला

संपादक महाशय यांस,


गेल्या अंकातील पत्रलेखकांनी अनिश्चित रोजगारास ‘कामगाराचे स्वातंत्र्य’ असे संबोधले आहे, त्यास माझी सविनय परंतु ठाम हरकत आहे. उद्या काम मिळेल की नाही हे ज्यास रात्री निजताना ठाऊक नसते, खाडा पडल्यास चूल पेटणार नाही म्हणून जो ताप अंगावर काढून पहाटे मुकादमापुढे उभा राहतो, त्यास हे कसले स्वातंत्र्य? घरपोच सामान पोहोचविणाऱ्या तरुणांस एकच धनी नाही म्हणावे, तर मुंबईच्या बाजारपेठांत ओझी वाहणाऱ्या माथाडींचा धनीही एकच नसे. तथापि १९६९ च्या माथाडी कायद्यान्वये मंडळे स्थापून नोंदणी, मजुरीचा भरणा व भविष्यनिर्वाह निधी यांची तजवीज झालीच. मग या तरुणांस तीच तजवीज का नाकारावी, याचा खुलासा पत्रलेखकांनी अवश्य करावा.

आपला,
एक वाचक