अंकुश हवाच!

मुंबई, पुणे, नागपूरसह राज्यातील महानगरपालिकांत जानेवारी २०२६ च्या निवडणुकांनंतर लोकनियुक्त सभागृहे पुन्हा अस्तित्वात आली. त्याआधी मुंबईत मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे आयुक्त हेच प्रशासक होते. 'नगरसेवक नव्हते, तेव्हा काय अडले?' हा प्रश्न सुशिक्षित घरांतूनही विचारला जातो. त्याचे उत्तर मुंबईच्याच इतिहासात आहे.

१८६५ च्या कायद्यानुसार आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे पहिले महापालिका आयुक्त झाले. धडाडीने त्यांनी शहराचे रूप पालटले. परंतु खर्चाला लगाम उरला नाही आणि करदाते संतापले. १८७१ च्या त्या वादात फिरोजशहा मेहता यांनी मांडलेली भूमिका दूरदर्शी होती. कार्यकारी अधिकार एका जबाबदार अधिकाऱ्याच्याच हाती असावेत, मात्र त्याच्यावर करदात्यांच्या प्रतिनिधींचा अंकुश असावा, असे त्यांचे म्हणणे होते. आजही लागू असलेल्या १८८८ च्या कायद्यात महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त यांच्यात झालेली अधिकारांची वाटणी याच विचाराशी सुसंगत आहे.

प्रशासकीय राजवटीत ही वीणच उसवली. प्रस्ताव मांडणारा आणि मंजूर करणारा एकच झाला. २०२३-२४ चा बावन्न हजार कोटींहून मोठा अर्थसंकल्प सभागृहातील चर्चेविनाच संमत झाला. आयुक्ताची नेमणूक राज्य शासन करते. सभागृहच नसेल, तर तो नागरिकांना नव्हे, केवळ मंत्रालयाला उत्तरदायी उरतो. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक घ्यावी, असे राज्यघटनेचे २४३-यू हे कलम बजावते. तरीही आरक्षण व प्रभागरचनेच्या वादात ती रखडली आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला.

अर्थात, अंकुश म्हणजे अडवणूक नव्हे. ऑक्टोबर २०१६ मध्ये नवी मुंबईत आयुक्त तुकाराम मुंढे यांच्याविरुद्धचा अविश्वास ठराव १०४ विरुद्ध ६ मतांनी संमत झाला. शासनाने तो अमलात येऊ दिला नाही. नियमावर बोट ठेवणारा अधिकारी सभागृहाला नकोसा होतो, हेही वास्तव आहे. म्हणूनच सभागृहाची प्रतिष्ठा नगरसेवकांच्या आचरणावर अवलंबून असते. ते केवळ कंत्राटांपुरते जागे राहिले, तर उद्या लोकच प्रशासक मागतील.

हे टाळणे आपल्या हाती आहे. मतदानाने कर्तव्य संपत नाही. कार्यकर्त्यांनी आपल्या प्रभागाचा अर्थसंकल्प वाचावा आणि नगरसेवकाला वर्षभर प्रश्न विचारावेत. जागरूक नागरिक हाच आयुक्त आणि नगरसेवक या दोघांवरील खरा अंकुश होय.