खडकांची साक्ष दिलासा देणारी नाही



मुंबईचा वाढता उकाडा किंवा समुद्रपातळी यावर चर्चा निघाली की एक मुद्दा हमखास पुढे येतो: पृथ्वी याआधीही तापली होती, तेव्हा मोटारी नव्हत्या, कारखाने नव्हते, मग संगणकावरच्या हवामान प्रारूपांवर विश्वास का ठेवायचा? दाखला म्हणून अंधेरीची गिल्बर्ट हिल दाखवली जाते. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी, ज्वालामुखींच्या काळात घडलेला हा कातळ. पृथ्वी पूर्वी तापली होती, हे खरेच आहे. पण त्यावरून निर्धास्त राहण्याचा निष्कर्ष काढणे चूक आहे.

मुळात प्रारूपे खडकांपासून फटकून नाहीत. ती खडकांवरच तपासली जातात. अमेरिकेतील एक नामांकित प्रारूप कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाल्यास पाच अंशांहून अधिक तापमानवाढ दाखवत होते. शास्त्रज्ञांनी त्यात पाच कोटी वर्षांपूर्वीच्या इओसीन काळातील परिस्थिती भरली, तर उष्ण कटिबंधातील जमिनीचे तापमान ५५ अंशांच्या वर गेले. एवढ्या उष्णतेत झाडे तग धरू शकत नाहीत. भारत तेव्हा विषुववृत्ताजवळ होता आणि सुरतजवळच्या वस्तान येथील लिग्नाइट खाणींत त्याच कालखंडातील सदाहरित जंगलाचे अवशेष व राळेत अडकलेले कीटक सापडले आहेत. म्हणजे प्रारूपच जास्त तापत होते. हा दोष २०२० मध्ये शास्त्रज्ञांनी स्वतःच प्रसिद्ध केला.

टीकाकार इथेच थांबतात. पण प्राचीन पुरावेच दुसऱ्या बाजूचीही पळवाट बंद करतात. शेवटच्या हिमयुगाच्या ऐन भरात हवेतील कार्बन डायऑक्साइड कमी होता आणि पृथ्वी औद्योगिक क्रांतीपूर्व काळापेक्षा पाच ते सात अंशांनी थंड होती. हवेतील कार्बन डायऑक्साइड बदलला तरी तापमान फारसे बदलत नाही, असे मानले तर एवढ्या थंडीचा हिशेब लागत नाही. १९७९ पासून दुप्पट कार्बन डायऑक्साइडमागे दीड ते साडेचार अंश वाढ, असा ढोबळ अंदाज सांगितला जात होता. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीच्या २०२१ च्या अहवालात तो अडीच ते चार अंशांवर आला, सर्वोत्तम अंदाज तीन. पाच अंशांची भीती कमी झाली, तशी दीड अंशाची आशाही मावळली. याचे मोठे श्रेय प्राचीन हवामानाच्या पुराव्यांना आहे.

समुद्राबाबत तर खडक प्रारूपांहून कठोर बोलतात. सुमारे तीस लाख वर्षांपूर्वी, प्लायोसीन काळात, हवेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण दहा लाख भागांत साधारण ४०० भाग होते. आज ते ४२० च्या पुढे गेले आहे. तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा ५ ते २५ मीटर उंच होता. सव्वा लाख वर्षांपूर्वी पृथ्वी औद्योगिक क्रांतीपूर्व काळाहून जेमतेम अर्धा ते दीड अंश उबदार असताना पाणी ५ ते १० मीटर वर होते. उलट २१०० सालापर्यंतची प्रारूपांची बहुतेक भाकिते एक मीटरच्या आसपास थांबतात. यात विसंगती नाही. बर्फाचे थर वितळायला शतके लागतात. प्रारूप या शतकाअखेरचा आकडा देते, खडक शेवटचा. रस्ते आणि इमारती उभारताना आपण फक्त पहिला आकडा वाचतो.

आपल्या बेटांवर समुद्र आणि जमीन यांची पातळी बदलत आली आहे, याचा पुरावा मुंबईतच आहे. प्रिन्सेस डॉकच्या खोदकामात भरतीच्या पातळीखाली, मुळांवर उभी असलेली खैराची झाडे सापडली. १८७८ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद झाली. जमीन खचली की समुद्र चढला, यावर वाद होऊ शकतो. किनारा कायमचा नसतो, यावर नाही.

म्हणून माझी मागणी स्पष्ट आहे. मार्च २०२२ मध्ये महापालिकेने मुंबईचा हवामान कृती आराखडा जाहीर केला. त्याच्या पुढील आढाव्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामानशास्त्र संस्थेचे प्रारूपतज्ज्ञ आणि किनाऱ्याचे भूशास्त्रज्ञ एकत्र बसवावेत. वर्सोवा, मढ, मनोरी, गोराई आणि मुलुंड-भांडुपच्या खाडीकाठी होणाऱ्या प्रत्येक मोठ्या कामाच्या अहवालात २१०० च्या आणि त्यानंतरच्या समुद्रपातळीचा अंदाज द्यावा, तोही मराठीत. पाणी चढेल तशी कांदळवने मागे सरकतात. त्यांच्या पाठची मोकळी जमीन बांधकामाला देऊ नये. वर्सोवा-भाईंदर सागरी रस्त्यासाठी कांदळवनांवर कुऱ्हाड चालवताना हा हिशेब लोकांसमोर मांडला गेला पाहिजे.

‘पृथ्वी पूर्वीही तापली होती’ हे वाक्य जरूर म्हणावे. फक्त तेव्हा समुद्र कुठे होता, तेही त्याच दमात सांगावे.

– एक वाचक, बोरिवली (पश्चिम)