सुधारणा उचलावी कशी?

एका प्रदेशातील शेतकऱ्यांनी यशस्वी केलेली सुधारणा दुसऱ्या प्रदेशात न्यावी, ही कल्पना सर्वांनाच पटते. त्यासाठी अभ्यासदौरे निघतात, अहवाल लिहिले जातात. परंतु दौऱ्यावरून परत आलेल्या मंडळींनी नेमके काय बरोबर आणले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. युरोपात अशी एक मोठी देवघेव सव्वाशे वर्षांपूर्वी झाली. तिचा हिशेब आजही उद्बोधक आहे.

१८७० नंतर अमेरिकेतील स्वस्त धान्य युरोपच्या बाजारात येऊ लागले व डेन्मार्कच्या शेतकऱ्यास धान्य विकणे परवडेनासे झाले. तो लोण्याकडे वळला. १८७८ च्या सुमारास दुधातून साय अखंड वेगळी करणारे यंत्र निघाले, त्यामुळे अनेक घरांचे दूध एकत्र करून एकसारखे लोणी काढणे शक्य झाले. १८८२ साली पश्चिम जटलंडमधील येडिंग या गावी पहिले सहकारी दुग्धालय सुरू झाले. या दुग्धालयांचे नियम साधे होते. नफा घातलेल्या दुधाच्या प्रमाणात वाटावयाचा आणि मते मोजावयाची ती माणसांची, गाईंची नव्हे. साय काढलेले दूध सभासदाच्या घरी परत जाई व त्यावर डुकरे पोसली जात. १८८७ मध्ये हॉर्सेन्स येथे त्या डुकरांच्या मांसासाठीही सहकारी कारखाना निघाला.

ही पद्धत आयर्लंडने उचलली. सर होरेस प्लंकेट यांनी तिच्या प्रचारासाठी गावोगाव सभा घेतल्या. पन्नास सभा होऊनही एक संस्था उभी राहिली नव्हती, असे त्यांनी स्वतःच नमूद करून ठेवले आहे. १८८९ साली लिमरिक परगण्यातील ड्रमकॉलोगर येथे आयर्लंडमधील पहिले सहकारी दुग्धालय निघाले. १८९४ मध्ये या संस्थांना मार्गदर्शन करणारी मध्यवर्ती संघटना स्थापन झाली आणि तिचा कित्ता पाहून फिनलंडमध्ये हानेस गेबहार्ड यांनी १८९९ साली ‘पेलेर्वो’ ही संस्था काढली. सुधारणा अशी हातोहात पुढे गेली, हे खरे.

पण एक गोष्ट मागे राहिली. डेन्मार्कचा शेतकरी कंदमुळे व पेंड चारून हिवाळ्यातही गाई दुधात ठेवी, म्हणून त्याचे लोणी बारमाही बाजारात येई. आयर्लंडमध्ये गाई वसंतात विणार, उन्हाळ्यात दुधाचा पूर येणार आणि हिवाळ्यात दुग्धालय ओस पडणार, असा क्रम चालूच राहिला. इंग्लंडमधील व्यापाऱ्यास मालाचा अखंड पुरवठा हवा होता. हिवाळ्यात डेन्मार्ककडे गेलेले गिऱ्हाईक उन्हाळ्यात सहजासहजी परत येत नसे.

याचा दोष आयरिश शेतकऱ्याच्या आळसास देणे अन्यायाचे होईल. त्याच्याकडे ओल्या हवेवर वाढणारे स्वस्त गवत होते. ते सोडून विकतचा चारा घालावयाचा आणि हिवाळ्यात मजुरी वाढवावयाची, हा व्यवहार त्याला परवडणारा वाटला नाही. आयर्लंडचा दुग्धव्यवसाय आजही मुख्यतः गवतावरच उभा आहे. म्हणजे शेतकऱ्याने एखादी प्रथा नाकारली, तर त्या नकारातही एक हिशेब असतो. तो हिशेब आधी मांडणे हे प्रचारकाचे पहिले काम होय.

युरोपीय समुदायाने १९९१ साली ‘लीडर’ ही ग्रामविकास योजना सुरू केली. तीत स्थानिक कृतिगटांनी आपल्या भागाची योजना स्वतः ठरवावयाची असते. १९९४ पासूनच्या टप्प्यात निरनिराळ्या देशांतील गटांनी मिळून केलेल्या कामासही साहाय्य मिळू लागले. हे धोरण माझ्या मते योग्य आहे, कारण त्यात देणारा व घेणारा दोघेही शेतीवरचे लोक असतात. मात्र अशा भेटीतून केवळ यशाच्या कथा निघाल्या, तर पैसा वाया गेला असे समजावे.

आपलाही या देवघेवीशी जुना संबंध आहे. जर्मनीतील राइफायझन यांच्या ग्रामीण पतसंस्थांचा अभ्यास फ्रेडरिक निकोलसन यांनी केला आणि पुढे १९०४ चा सहकारी पतसंस्था कायदा झाला. राइफायझन यांचे नियम आपण आणले, परंतु तेथे संस्था गावातून उगवली, तर येथे पुढाकार बव्हंशी सरकारी निबंधकाकडून आला. या फरकाची किंमत आपल्या चळवळीने दीर्घकाळ मोजली आहे.

म्हणून आम्हां विस्तार अधिकाऱ्यांनी तीन पथ्ये पाळावीत, असे सुचवावेसे वाटते. पहिले, दौऱ्यावर अधिकाऱ्यांबरोबर ती सुधारणा प्रत्यक्ष करणारा शेतकरी व त्याची कारभारीण यांनाही न्यावे. दुसरे, यजमानाला भरभराटीच्या महिन्याचा नव्हे, तर ओढगस्तीच्या महिन्याचा हिशेब विचारावा. तिसरे, आपल्याकडे चार-पाच शेतांवर सर्व ऋतूंत अनुभव घेतल्याशिवाय ती सुधारणा गावभर सांगू नये, आणि फसली तर का फसली, हेही याच पत्रिकेत छापावे. शेजाऱ्याचे बी आणताना त्याच्या जमिनीची व पाण्याची चौकशी प्रत्येक शेतकरी करतोच. सुधारणेच्या बाबतीत आपण त्याच्याहून कमी सावध असू नये.