विश्लेषण : शुगर तपासायच्या पट्ट्यांचा खर्च आरोग्य विम्यातून का मिळत नाही?

मुंबई-आग्रा महामार्गावर, धुळ्यापासून साधारण 20 किलोमीटरवर असलेले सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी ओळखले जाते. समजा, इथल्या एखाद्या कारागिराला मधुमेह आहे, इन्सुलिन सुरू आहे आणि डॉक्टरांनी दिवसातून दोनदा शुगर तपासायला सांगितली आहे. म्हणजे महिन्याला 60 पट्ट्या. एक पट्टी 15 रुपयांची धरली तरी महिन्याचे 900 आणि वर्षाचे 10 हजार 800 रुपये. सुया आणि इन्सुलिन वेगळे. घरात आरोग्य विमा आहे, हप्ताही वेळेवर भरला जातो. तरी मेडिकलची ही बिले विमा कंपनी घेत नाही. असे का?

विमा नेमका कशाचा?

आपल्याकडचा बहुतेक आरोग्य विमा रुग्णालयात दाखल होण्याचा विमा आहे. ‘आरोग्य संजीवनी’ या प्रमाणित पॉलिसीचेच पाहा. दाखल होण्याआधीचे 30 दिवस आणि घरी सोडल्यानंतरचे 60 दिवस त्याच आजाराचा खर्च मिळतो; पण वर्षभर घरी चालणारी तपासणी त्यात बसत नाही. सरकारी योजनांचेही तेच. आयुष्मान भारत आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, मात्र तेही ठरलेल्या उपचारांसाठी रुग्णालयात दाखल झाल्यावर.

याचा अर्थ असा की, शुगर वाढून पायाची जखम चिघळली आणि शस्त्रक्रिया करावी लागली, तर विमा लाखाचे बिल भरेल. ती वेळ येऊ नये म्हणून लागणारी 15 रुपयांची पट्टी मात्र रुग्णाच्या खिशातून. हिशेब उलटा आहे, पण सध्याचा नियम हाच आहे.

रुग्णालयातील बिलात पट्ट्या लावल्या तर?

इथे बहुतेकांची गल्लत होते. विमा नियामक ‘इर्डाय’ने रुग्णालयातील किरकोळ वस्तूंच्या चार याद्या केल्या आहेत. ग्लुकोमीटर आणि पट्ट्या चौथ्या यादीत आहेत. या यादीतील वस्तूंचा खर्च उपचारांच्या खर्चातच धरायचा असतो. त्यामुळे दाखल असताना ‘शुगर स्ट्रिप’ म्हणून वेगळी रक्कम रुग्णाकडे मागितली, तर विमा डेस्कवर ही यादी दाखवून विचारणा करावी. मधुमेहींची खास पादत्राणे आणि शुगर-फ्री गोळ्या मात्र पहिल्या यादीत आहेत. पॉलिसीत वेगळी सोय नसेल तर त्यांचे पैसे रुग्णालाच द्यावे लागतात.

ओपीडी कव्हर घ्यावे का?

काही कंपन्या जादा हप्त्यावर ओपीडी कव्हर देतात. त्यात डॉक्टरांची फी, लॅबच्या तपासण्या, कधी औषधे येतात. पट्ट्या ‘औषधे’ या शब्दात बसतात की नाही, हे पॉलिसीच्या कागदावरच पाहावे; एजंटाच्या तोंडी आश्वासनावर जाऊ नये. वर्षाची मर्यादा 5 हजार आणि त्यासाठीचा जादा हप्ता 4 हजार असेल, तर हाती काय उरते याचे गणित आधी मांडलेले बरे.

नवीन पॉलिसी घेताना मधुमेह लपवू नये. आधीपासूनच्या आजारासाठीचा प्रतीक्षा काळ एप्रिल 2024 पासून जास्तीत जास्त 3 वर्षांवर आला आहे, पूर्वी तो 4 वर्षे होता. पहिल्या दिवसापासून मधुमेहाला संरक्षण देणाऱ्या पॉलिसीही बाजारात आहेत, हप्ता अर्थातच जास्त.

जीएसटी कपातीने काय बदलले?

22 सप्टेंबर 2025 पासून ग्लुकोमीटर आणि पट्ट्यांवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून 5 टक्के झाला. करासह 1,120 रुपयांना मिळणारी डबी त्या हिशेबाने 1,050 रुपयांना मिळायला हवी. वैयक्तिक आणि कौटुंबिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील 18 टक्के जीएसटी तर पूर्ण गेला. 20 हजारांच्या मूळ हप्त्यावर 3 हजार 600 रुपये वाचतात, म्हणजे वरच्या हिशेबाने चार महिन्यांच्या पट्ट्या. कंपनीमार्फतच्या सामूहिक विम्याला ही सूट नाही.

खर्च कमी कसा करायचा?

पहिला प्रश्न दुकानात नाही, डॉक्टरांना विचारायचा : आठवड्यात किती वेळा तपासणी हवी? इन्सुलिन घेणाऱ्याला ती वारंवार लागते. फक्त गोळ्यांवर शुगर स्थिर असलेल्यांना रोज बोट टोचण्याची गरज बहुधा नसते. मनानेच तपासणी बंद करणे मात्र धोक्याचे.

यंत्र घेताना पट्टीचा दर पाहावा. यंत्र एकदाच घ्यायचे असते आणि ते स्वस्तात, कधी फुकटही मिळते. कमाई पट्ट्यांवर असते आणि एका कंपनीची पट्टी दुसऱ्याच्या यंत्रात चालत नाही. जनऔषधी केंद्रात कमी दराचा पर्याय मिळतो का, हे पाहावे. मोठी डबी स्वस्त पडते, पण उघडल्यावर किती दिवसांत संपवायची हे डबीवर लिहिलेले असते.

सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. धुळ्याचे भाऊसाहेब हिरे वैद्यकीय महाविद्यालय वैद्यकीय शिक्षण विभागाकडे येते, त्यामुळे तिथे शुल्क आधी विचारून घ्यावे. अर्थात, रात्री दोन वाजता घाम फुटून हात थरथरू लागले, तर घरातले यंत्रच उपयोगी पडते. त्या वेळेसाठी चार पट्ट्या कायम शिल्लक ठेवाव्यात.

दावा नाकारला तर?

आधी कंपनीच्या तक्रार कक्षाकडे लेखी तक्रार करावी. उत्तर समाधानकारक नसेल तर ‘बीमा भरोसा’ पोर्टल किंवा 155255 हा क्रमांक आहे. कंपनीने तक्रार फेटाळली किंवा 30 दिवसांत उत्तर दिले नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. धुळे जिल्ह्यासाठी हे कार्यालय पुण्यात आहे. तिथे वकील लागत नाही, शुल्कही नाही.